तीस सेल आणि चांदणी चौकाचा चढ

माझी इलेक्ट्रिक सायकल बंद पडायची ती नेमकी पुण्यातल्या चांदणी चौकाच्या चढावर. कोथरूड डेपोपर्यंत सगळं सुरळीत असायचं, हँडलवरच्या डिस्प्लेवर बॅटरीच्या चारपैकी तीन काड्या दिसायच्या. चढ लागला, मोटरवर जोर आला की त्या काड्या बघता बघता उतरायच्या आणि मागून कुणीतरी कॅरिअर धरून ठेवावं तशी सायकल एकदम जड व्हायची. डिस्प्ले काळा. उतरून पाच-सात मिनिटं कडेला उभी राहिले, पुन्हा बटण दाबलं, की दोन काड्या परत हजर. शंभर-दीडशे मीटर जायचं की पुन्हा तेच. २०२३ मध्ये तिथे नवे पूल झाले, रस्ते वळले, पण चढ होता तेवढाच राहिला. २०२४ चा सप्टेंबर संपत आला तेव्हा मी रोज संध्याकाळी तेवीस किलोची सायकल ढकलत तो चढ चढत होते.

मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करते आणि बावधनला राहते. एका बाजूचं अंतर नऊ-दहा किलोमीटर. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा साधी सायकल विकली आणि २०२० च्या दिवाळीत ही इलेक्ट्रिक घेतली. २५० वॉटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असला की परवाना लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. पॅडल आपण मारायचं, मोटर हात देते. चार वर्षं या सायकलने मला जे दिलं ते मी पैशात सांगू शकत नाही. सकाळी झेड पुलावरून नदी बघत कामावर जायचं आणि संध्याकाळी न दमता घरी यायचं. त्यामुळे ‘आता नवीनच घ्या’ असं जो तो सांगू लागला तेव्हा मला ते ऐकवेना. सायकल उत्तम होती. चाकं, ब्रेक, मोटर, सगळं ठणठणीत. फक्त बॅटरी बसली होती.

बॅटरीच्या लेबलवर लिहिलं होतं: ३६ व्होल्ट, ७.८ एएच. यातले व्होल्ट मोटरशी आणि तिला वीज मोजून देणाऱ्या कंट्रोलरशी जुळलेलेच हवेत, तिथे तडजोड चालत नाही. एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीतला साठा. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट-अवर निघतात, माझ्या बॅटरीचे साधारण २८०. हा गुणाकार मला तेव्हा माहीत नव्हता. तो माहीत असता तर पुढचे तीन आठवडे वाचले असते.

पहिल्यांदा गेले ते जिथून सायकल घेतली त्या दुकानात. तिथल्या मुलाने बॅटरी हातात न घेताच सांगितलं, ‘मॅडम, हे मॉडेल बंद झालंय. बॅटरी मागवावी लागेल, चौदा हजार आठशे, पूर्ण पैसे आगाऊ, दीड-दोन महिने लागतील.’ सायकलच मी तीस हजारांच्या आत घेतली होती. तरीही मनाची तयारी करून चार दिवसांनी फोन केला, तर आता बॅटरी येतच नाही, जुनी सायकल देऊन नवी घेतली तर सूट मिळेल, असं उत्तर आलं. चार वर्षांत ज्या वस्तूचा मुख्य भाग मिळेनासा होतो, ती वस्तू विकताना हे कुणी सांगत नाही याचा मला खरोखर राग आला. अजूनही येतो.

मग फोनवर शोधाशोध. तिथे ३६ व्होल्ट, २० एएच असा पॅक ६,९९९ रुपयांना दिसला. माझ्यापेक्षा अडीचपट साठा आणि अर्धी किंमत. मी जवळजवळ पैसे भरलेच होते. खाली बारीक अक्षरात वजन लिहिलं होतं, १.६ किलो. बारीक अक्षरं वाचणं हे माझं पोट भरण्याचं काम असल्याने ते नजरेतून सुटलं नाही. माझी बॅटरी घरच्या काट्यावर ठेवली तर ती सव्वादोन किलोच्या आसपास भरली. साठा अडीचपट आणि वजन कमी, हे कसं, तेवढं मला कळेना. म्हणून जिन्यापलीकडच्या काकांकडे गेले.

काका एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. अशा पॅकमध्ये बोटभर लांबीचे गोल सेल असतात, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. एकेक सेल ३.६ व्होल्टचा. दहा एकामागे एक जोडले की ३६ व्होल्ट. एका सेलचा साठा अडीच एएच धरला तर २० एएचसाठी अशा आठ ओळी, म्हणजे ऐंशी सेल. एक सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असतो. नुसत्या सेलचंच वजन साडेतीन किलोच्या पुढे गेलं. ‘मग १.६ किलोत काय भरलंय?’ काका म्हणाले. त्या दिवसापासून मी कुठलीही बॅटरी बघताना आधी वजन विचारते. लेबलवर काहीही छापता येतं, ग्रॅम छापून वाढत नाहीत.

तरी मी अजून खरेदीच्याच मागे होते. एका शनिवारी तापकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतल्या या गल्लीत पुण्याची निम्मी वायर, पंखे, बल्ब आणि सुटे भाग मिळतात, तेव्हा सेल मिळणारच. मिळालेही. एका टपरीवजा दुकानात निळ्या चकचकीत आवरणातले सेल सत्तर रुपयांना एक. ‘ताई, एकदम नवीन माल,’ म्हणाला. मी चार घेतले आणि काकांना दाखवायला आणले. काकांनी ब्लेडने एकाचं आवरण सोललं. आत दुसऱ्याच रंगाच्या आवरणाचा तुकडा चिकटलेला होता, आणि टोकाच्या टोपीवर दोन बारीक खड्डे आणि घासल्याचे ओरखडे. हे स्पॉट वेल्डिंगचे ठसे, म्हणजे सेल जोडणारी धातूची पट्टी चिकटवल्याच्या खुणा. सेल आधी कुठल्यातरी लॅपटॉपच्या बॅटरीत राहून आलेला होता, पट्टी उपटून, घासून, नवं कातडं चढवून पुन्हा बाजारात. काट्यावर तो ४१ ग्रॅम भरला. २८० रुपये गेले, पण निदान तीस सेल घेतले नव्हते.

चारही सेल बाजूला ठेवून काका म्हणाले, ‘तू तीन आठवडे बॅटरी शोधतेस. मला एक सांग, आहे त्या बॅटरीला झालंय काय?’

‘मेली ना ती.’

‘मेली म्हणजे काय? दिवसभर पडलेल्या गाडीलाही ड्रायव्हर मेलीच म्हणायचा. आत बघितल्याशिवाय आम्ही सही करत नव्हतो.’

रविवारी सकाळी त्यांच्या गॅलरीत बसलो. आधी त्यांनी चार्जर तपासला. मीटरची टोकं लावली, ४१.९ व्होल्ट. दहा सेलचा पॅक पूर्ण भरतो तो ४२ व्होल्टला, म्हणजे चार्जर निर्दोष. रात्रभर चार्ज केलेल्या माझ्या बॅटरीवर मात्र ४१.० दिसत होते. मला एका व्होल्टचा फरक क्षुल्लक वाटला. काका मात्र तिथेच थांबले आणि म्हणाले, ‘बांगड्या काढ. अंगठी पण.’

मी हसले, ते हसले नाहीत. छत्तीस व्होल्टचा धक्का जीव घेत नाही, पण दोन पट्ट्यांमध्ये बांगडी अडकली तर ती क्षणात लाल होते आणि हात काढायला वेळ मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. वर्कशॉपमध्ये त्यांनी घड्याळाच्या पट्ट्याने भाजलेलं मनगट पाहिलेलं होतं. स्क्रू ड्रायव्हरच्या दांडीला टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळली. शेजारी वाळूने भरलेलं घमेलं ठेवलं. सुनेला सांगून गॅलरीत वाळत घातलेले कपडे आत घ्यायला लावले. ही तयारी इतकी शांतपणे चालली होती की मला पहिल्यांदा समजलं, आपण रोज दोन पायांमध्ये काय घेऊन फिरतो ते. हे वाचून कुणी घरी पॅक उघडायला बसू नये, हे इथेच सांगते. माझ्याकडे काका होते.

अ‍ॅल्युमिनियमची नळी बाजूला झाली, निळं प्लॅस्टिक कापलं, आणि आत तीस सेल दिसले, तीन-तीनच्या दहा तिकड्या. वर एक हिरवी पट्टी, तिला बीएमएस म्हणतात. तिच्यातून बारीक वायरी प्रत्येक तिकडीपर्यंत गेलेल्या. ही पट्टी प्रत्येक तिकडीवर नजर ठेवते. एक जरी तिकडी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली तर सगळी बॅटरी बंद करते, एक जरी जास्त भरली तर चार्जिंग थांबवते. काका एकेका वायरीवर टोक ठेवून आकडा सांगत होते आणि मी वहीत लिहीत होते, प्रुफं वाचताना दोघं बसतात तसं. पहिली ४.१९. दुसरी ४.१९. तिसरी ४.१८. चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या ४.१९-४.२०. सातवी ३.३१.

काकांनी टोक उचलून पुन्हा ठेवलं. ३.३१.

चढावरचं कोडं तिथे सुटलं. नऊ तिकड्या भरलेल्या, एक जवळजवळ रिकामी. सपाटीवर ती कशीबशी ओढत होती. चढावर मोटरने जास्त करंट मागितला की तिचे व्होल्ट कोसळत आणि बीएमएस सगळा कारभार बंद करी. मी उतरून थांबले की भार जाई, ती थोडी सावरे, काड्या परत येत. तीस सेलपैकी तिघांमुळे मी महिनाभर सायकल ढकलत होते.

पॅक उलटा केला तर कारणही दिसलं. सातव्या तिकडीखाली पांढरट-हिरवी पूड जमली होती आणि निकेलची पट्टी खाल्ली गेली होती. गोडसर, नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा वास येत होता. काकांनी लगेच पॅक घमेल्यातल्या वाळूवर ठेवला आणि आम्हाला मागे सरकायला सांगितलं. तो वास म्हणजे सेलच्या आतला द्रव बाहेर येतोय. पाणी कुठून आलं हे शोधायला वेळ लागला नाही. चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण दोन वर्षांपूर्वी तुटलं होतं. मी त्यावर पावसाळ्यात प्लॅस्टिकची पिशवी बांधायची. पिशवीतून पाणी आत जात होतं आणि नळीच्या तळाशी, बरोबर सातव्या तिकडीपाशी साचत होतं. पाच-दहा रुपयांचं रबर.

आता मला काय हवंय हे मला शब्दांत सांगता येत होतं. ‘बॅटरी आहे का?’ असं विचारत फिरण्याऐवजी ‘दहा सिरीज, तीन पॅरलल, १८६५० चा पॅक नव्या सेलने भरून द्याल का?’ असं विचारू लागले, म्हणजे दहा तिकड्या एकामागे एक आणि प्रत्येकीत तीन सेल शेजारी-शेजारी, आणि दुकानांतली बोलण्याची तऱ्हाच बदलली. काहींनी तेवढ्यावरूनच नाही म्हटलं, तेही बरं झालं.

एका ठिकाणी लिथियम फेरो फॉस्फेट घाला म्हणाले. ते सेल जास्त वर्षं टिकतात आणि तापून पेट घेण्याचा धोका त्यांत बराच कमी असतो, हे खरं आहे. मोठ्या स्कूटरला मी तेच सुचवीन. पण तो सेल ३.२ व्होल्टचा, म्हणजे दहाऐवजी बारा लागणार, चार्जर बदलावा लागणार, आणि तेवढ्याच साठ्याला जागा जास्त लागते. माझी बॅटरी फ्रेमच्या नळीत सरकवायची. नळी काही मोठी होत नाही. तो विचार सोडला.

दुसऱ्या ठिकाणी ४,२०० रुपये सांगितले. बिल नाही, सेल कुठल्या कंपनीचे ते सांगणार नाही, ‘गॅरंटी माझ्या शब्दाची’. टेबलावर अर्धवट बांधलेला एक पॅक पडला होता. त्यावर वायरी इस्त्रीने, म्हणजे सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाने थेट सेलवर डागल्या होत्या. काकांनी मला आधीच पढवून ठेवलं होतं: सेलला डाग द्यायचा नसतो, त्या उष्णतेने आतला पडदा दुखावतो, म्हणून पट्टी स्पॉट वेल्डिंगने क्षणार्धात चिकटवतात. शिवाय धन टोकाभोवती कागदाची गोल चकती घालतात, कारण तिथे धन आणि ऋण यांच्यामध्ये केवळ पातळ प्लॅस्टिकचं आवरण असतं. रस्त्यावरच्या खड्ड्यांनी पट्टी घासून ते फाटलं की शॉर्ट. त्या पॅकला एकही चकती नव्हती. ४,२०० ची ती बॅटरी रात्री माझ्या घरात, दाराशी चार्जिंगला लागणार होती. मी आभार मानून निघाले.

शेवटी भोसरीत, एमआयडीसीतल्या एका गाळ्यात काम झालं. डिप्लोमा केलेला तरुण मुलगा आणि त्याची बहीण, दोघंच. इतर वेळी ते रिक्षांचे आणि सौर दिव्यांचे पॅक बांधतात. माझी उघडलेली बॅटरी मी प्लॅस्टिकच्या डब्यात वाळूसकट नेली होती. मुलाने ती बाहेर, उन्हात पत्र्यावर ठेवली आणि मग माझ्याशी बोलायला आला. तिथेच मला त्याच्याबद्दल भरवसा वाटला.

मी विचारलं, तीनच सेल बदलले तर?

‘नऊशे रुपयांत करून देतो, काकू,’ तो म्हणाला, ‘पण आधी बाकीच्यांचं बघू.’ त्याने चांगल्या नऊ तिकड्यांपैकी एक सुटी करून मशीनला लावली. नवी असताना ती ७.८ एएच द्यायची, आता ५.४ देत होती. म्हणजे त्या तिकड्या मीटरवर ४.१९ दाखवत होत्या तरी त्यांचा साठा तीस टक्के ओसरला होता. तुडुंब भरलेलं भांडं, पण भांडंच लहान झालेलं. नवी तिकडी त्यांच्या रांगेत बसवली तरी पॅक धावणार होता सगळ्यांत कमजोर तिकडीइतकाच, आणि सातशे-एक वेळा चार्ज झालेल्या त्या सेलमधली पुढची तिकडी कधी जाईल याचा नेम नव्हता. नऊशे रुपये मोह पाडणारे होते. एक रात्र विचार केला आणि तीसही बदलायचे ठरवले.

सेल निवडताना मला एक नवी गोष्ट शिकायला मिळाली. मी म्हटलं, जास्तीत जास्त एएचचा घाला. त्याने माझ्या कंट्रोलरवरचा आकडा दाखवला, १५ अँपिअर. चढावर मोटर तेवढा करंट ओढू शकते. तीन सेलमध्ये वाटला तर प्रत्येकाला पाच अँपिअर द्यावे लागतात. पॉवर बँकेसाठी बनवलेले काही सेल साठ्याला मोठे असतात, पण एवढा करंट मागितला की तापतात आणि लवकर बसतात. म्हणून २.६ एएचचा, पण पाच अँपिअर बिनतक्रार देणारा सेल घेतला. जुन्याइतकाच साठा. मला पूर्वी येत होतं तेवढंच अंतर हवं होतं, त्यापलीकडे काही नको होतं.

कोटेशन त्याने कागदावर लिहून दिलं. तीस सेल, प्रत्येकी १६५ प्रमाणे ४,९५०. बीएमएस ६५०. निकेल पट्टी, कागद, आवरण आणि मजुरी मिळून ९००. बेरीज ६,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,१७०. एकूण ७,६७०. इथे मला एक गोष्ट फार खटकली आणि ती लिहिलीच पाहिजे. अख्खी इलेक्ट्रिक सायकल, बॅटरीसकट, नवी घेतली तर तिच्यावर जीएसटी ५ टक्के. तीच सायकल टाकून न देता तिची बॅटरी बदलून घेतली तर १८ टक्के. चांगली वस्तू वापरात ठेवू पाहणाऱ्या माणसाकडून जास्त कर का घ्यायचा, याचं उत्तर मला कुणी दिलं तर मला हवं आहे. मुलगा म्हणाला, बरेच जण बिल नको म्हणतात. मी बिल घेतलं. एक वर्षाची हमी त्यावर लिहून घेतली, सेलच्या कंपनीचं नाव आणि मॉडेलसुद्धा.

पॅक बांधताना मी बसून होते. बहिणीने खोक्यातून सेल काढून एकेक मीटरवर ठेवला. हा मीटर व्होल्टबरोबर आतला रोध, म्हणजे सेलच्या आत विजेला होणारा अडथळा दाखवतो, मिलिओहममध्ये. २२, २३, २२, २१, २२ असे आकडे येत होते. मध्येच एक ३१ आला. नवाकोरा सेल, बाहेरून काही फरक नाही. तिने तो काही न बोलता दुसऱ्या डब्यात टाकला. पुढे आणखी एक असाच निघाला. ते दोन जर कुठल्या तिकडीत गेले असते तर दोन वर्षांनी ती माझी नवी ‘सातवी’ झाली असती. मग चकत्या चिकटवल्या, सेल साच्यात बसवले, पट्टी ठेवली आणि वेल्डिंगची दोन टोकं टेकवली. चट्. पट्टीवर दोन ठिपके. चट्. असे शेकड्याने ठिपके, पण एकाही सेलला हात लावला तर तो गार.

पॅक तयार झाला आणि नळीत जाईना. नवे कागद जाड, पट्टी जाड, त्यामुळे तो चार मिलिमीटर लांब झाला होता. ठोकून बसवू का, असं मुलाने विचारलं नाही, हे मला फार आवडलं. त्याने बीएमएस टोकावरून काढून सेलच्या पाठीवर आडवा बसवला, मध्ये कागदाचा थर दिला, आणि त्यात आणखी दीड तास गेला.

मी पैसे देण्याआधी एकच मागणं केलं: मोजून दाखव. त्याने पॅक पूर्ण चार्ज केला आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. मशीन दोन अँपिअरने बॅटरी रिकामी करत होतं आणि पडद्यावर रेघ हळूहळू उतरत होती. मी बरोबर कामाची प्रुफं नेली होती. खुर्चीवर बसून एका शब्दकोशाची दोन फॉर्म वाचून काढली. तीन तास एकोणपन्नास मिनिटांनी मशीन थांबलं. ७.६२ एएच. लेबलवर ७.८ लिहिता आलं असतं, पण मुलाने मार्करने ७.६ लिहिलं. छापील मजकुरातली एकेक चूक शोधण्यात माझं आयुष्य गेलं आहे. त्या ७.६ कडे बघून मला जे वाटलं ते त्या दोघांना तिथे सांगता आलं नाही. इथे सांगते.

जुने सेल त्यांच्याकडेच ठेवले. टोकांना चिकटपट्टी लावून, वेगळ्या डब्यात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे अशा बॅटऱ्या घरच्या कचऱ्यात टाकायच्या नसतात. नियम नसता तरी, कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला सेल पेट घेतो आणि तो कचरा हातांनी निवडणाऱ्या बायका आपल्याच शहरात आहेत, एवढं पुरेसं होतं. तापकीर गल्लीतले ते चार सेलही त्यात घातले.

नव्या बॅटरीने पहिल्या दिवशी चांदणी चौक चढले तेव्हा डिस्प्लेकडेच बघत होते. कोथरूड डेपोला तीन काड्या. चढाच्या मध्यावर तीन. वर आल्यावर तीन. घरी येऊन मीटर लावला, ३७.४ व्होल्ट, आणि वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लिहिते. पूर्वी रात्रभर चार्जिंगला लावून झोपायची, आता जेवणं होईपर्यंत लावते आणि झोपण्यापूर्वी काढते. काकांनी रोजच पूर्ण भरू नकोस असं सांगितलं आहे. सेल पूर्ण भरून ठेवले की ते लवकर म्हातारे होतात.

चार्जिंगच्या भोकाला झाकण मात्र कुठे मिळालं नाही. काकांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, तो भोकाच्या कडेला घट्ट बसेल असा दुमडला आणि एक कान ठेवून फ्रेमला बांधून दिला. २०२५ मध्ये मे महिना संपायच्या आतच पाऊस आला. पहिल्या दिवशी पौड रोडवर घोट्याइतकं पाणी होतं. घरी पोचल्यावर सायकल भिंतीला टेकवली, ट्यूबचा तुकडा बाजूला केला आणि करंगळी आत घालून गोल फिरवली. बोट कोरडं आलं.